ताकदीची गोळी

मेश्रामजींनी पहिल्या दिवशी मला शिकवलं ते खाकी पाकिटाला पिन मारायला. मी डी. फार्म. पहिल्या वर्गात पास झालेली, कॉलेजात सरांच्या चुका काढून त्यांच्या मनातून उतरलेली, आणि हे गृहस्थ मला स्टेपलर कसा धरायचा ते दाखवत होते. घरी जाऊन मी आईला सांगितलं, हा माणूस मला चार दिवसांत काढून टाकेल, नाहीतर मीच सोडून येईन. पुढे अकरा वर्षं मी त्यांच्याच काउंटरमागे उभी राहिले.

दुकान मानेवाडा रोडवर. एका बाजूला चष्म्यांचं दुकान, दुसऱ्या बाजूला पोहेवाला, त्यामुळे सकाळभर आमच्या औषधांच्या वासात तर्रीचा वास मिसळलेला असायचा. मेश्रामजी म्हणजे अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला एक लाल पेन, एक निळं पेन, आणि नाकावर घसरलेला चष्मा. साठीला आलेले, अंगानं किडकिडीत, आवाज मात्र रस्त्यापलीकडे जाईल असा. नागपुरात राहून तंबाखू-सुपारीचा खर्रा न खाणारे पुरुष आधीच कमी, हे तर तोंडात खर्रा असलेल्या माणसाला औषधच देत नसत. "पयले थुकून ये, चूळ भर, मंग बोल. असा तोंडात धरून बोलशील तं मले काय समजन, सर्दीची मांगून राहिला का जुलाबाची?" गिऱ्हाईक कितीही मोठं असो, गटारीपर्यंत जाऊन यायचंच. एकदा एका नगरसेवकालाही त्यांनी पाठवलं होतं आणि तो निमूट गेला होता.

तर पिन. काउंटरखालचा तिसरा खण उदासीच्या आजारावरच्या गोळ्यांचा. डॉक्टर ज्याला डिप्रेशन म्हणतात त्याच्या. त्या खणातली गोळी काउंटरवर उघडी दिसता कामा नये, हा त्यांचा दंडक. हात खाली घालून पाकिटात टाकायची, पाकिटाचं तोंड दोनदा दुमडायचं, दोन पिना मारायच्या आणि वर लाल पेननं फक्त वेळ लिहायची. डॉक्टरची चिठ्ठी हातात आली की पालथी ठेवायची. आणि गोळीचं नाव तोंडातून काढायचं नाही.

माझ्या पहिल्याच आठवड्यात एक ऑटोवाला आला, चांगला पैलवानगडी. त्यानं आधी शाम्पूची पुडी घेतली, मग बाम घेतला, मग उगाच टूथब्रश पाहत उभा राहिला. दुकान रिकामं झालं तशी त्यानं खिशातून आठ घड्या घातलेली चिठ्ठी काढली. मी ती उलगडून मोठ्यानं वाचणार, तेवढ्यात दोन बाया दुकानात शिरल्या. मेश्रामजींनी चिठ्ठी माझ्या हातातून ओढली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हां, तुमची बीपीची गोळी आली हो भाऊ!" त्या ऑटोवाल्याचा चेहरा असा सैल झाला की मला तो आजही आठवतो.

तो गेल्यावर मी म्हटलं, "काकाजी, ती बीपीची नव्हती."

"मले शिकवून राहिली का वं? चिठ्ठीच्या घड्या मोजत जा. जितक्या घड्या जास्त, तितकी लाज जास्त. आठ घड्यांच्या माणसाले तू नाव घेऊन गोळी देशील, तं तो पुढच्या महिन्यात येणारच नाही. मंग त्याचे काय हाल होते, थे तुले माहीत नाही."

पुरुषांना बीपीची, बायांना ताकदीची, कॉलेजच्या पोरांना अर्धशिशीची, अशी त्यांनी वाटणी करून ठेवली होती. हे सांगताना ते जराही अडखळत नसत. एरवी मुदत संपलेल्या खोकल्याच्या बाटलीवरून होलसेलवाल्याशी तासभर भांडणारा हा माणूस, पण याला ते खोटं मानतच नसत. औषधाबरोबर पाकीट द्यावं तसं ते देत असत.

गोळी घेणाऱ्याला मात्र त्यांनी कधी अंधारात ठेवलं नाही. त्याला कोपऱ्यात वजनकाट्याजवळ नेऊन, आवाज शक्य तितका खाली आणून, ते सगळं समजावून सांगत. "हे पंखा नोहे, बटन दाबलं का फिरला. हा कुलर आहे. पाणी भरा, खस भिजू द्या, मंग कुठं थंडी हवा लागते. पंधरा दिवस, महिना, कोणाले दीड महिना. पयल्या आठ-दहा दिवसांत मळमळन, झोप उडन, जीव घाबरन. सहन नाही झालं तं डॉक्टरले सांगा, आपल्या मनानं बंद नका करू. अन् बरं वाटलं का मुळीच बंद नका करू. बरं वाटते थे गोळीनंच वाटून राहिलं."

कोणी विचारायचं, "याची सवय लागते काय जी?"

"दारूसारखी नाही लागत. पण एकदम सोडली तं डोकं गरगरते, करंट बसल्यासारखं होते, चिडचिड होते. म्हणून डॉक्टर हळूहळू कमी करते. वेळ आली का थो सांगन."

"अन् लागू पडतेच का?"

"सगळ्यांले नाही पडत. पण तिले मोका तं द्या. नाही पडली तं डॉक्टर दुसरी देईन."

त्यांचं हे उत्तर मला फार आवडायचं. आमच्या धंद्यात शंभर टक्के खात्री देणाऱ्यांची कमी नाही. मेश्रामजी गोळीची तारीफ करायचे नाहीत आणि निंदाही खपवून घ्यायचे नाहीत. तरुण पोराला घेऊन आलेल्या बापाला तर ते बाजूला बसवून घ्यायचे. "पयले काही दिवस याले एकटं नका सोडू. जास्तच बेचैन दिसला, भलतंसलतं बोलला, तं दुसऱ्या दिवसाची वाट नका पाहू. तवाच्या तवा डॉक्टरकडं न्या."

देशकर गुरुजींशी त्यांचं भांडण झालं तेही याच गोळीवरून. निवृत्त मुख्याध्यापक, पत्नी गेल्यापासून ही गोळी चालू, आणि गुडघे दुखायचे म्हणून त्यांना दुखण्याची गोळी हवी होती. मेश्रामजी देईनात. "दोन्ही संग घेतल्या तं पोटात रक्त जाऊ शकते, गुरुजी. डॉक्टरले फोन लावू द्या मले." गुरुजींना अपमान वाटला. आयुष्यभर दुसऱ्यांना ओरडलेला माणूस, तो भर दुकानात ओरडला आणि समोरच्या मेडिकलमधून गोळी घेऊन गेला. मेश्रामजींनी दहा दिवस रोज सकाळी त्यांना फोन करून एकच विचारलं, "गुरुजी, शौचाले काळं तं नाही झालं?" गुरुजी रोज फोन आपटायचे. अकराव्या दिवशी आपटला नाही. मेश्रामजी मोपेड काढून गेले, त्यांना मागे बसवून दवाखान्यात नेलं आणि रात्रीपर्यंत तिथेच बसून राहिले. बरे झाल्यावर गुरुजी दुकानात आले ते आभार मानायला नाही, तर "तुमची मोपेड फार हळू चालते" हे सांगायला.

भिंतीवर एक मोठं कॅलेंडर होतं. त्यावर तारखांच्या चौकोनांत लाल पेननं बारीक अक्षरं लिहिलेली असत. कोणाची गोळी कोणत्या दिवशी संपते, ते त्यात होतं. तारीख उलटून दोन दिवस झाले आणि माणूस आला नाही, की मेश्रामजी फोन करत. फोन लागला नाही तर स्वतः घरी जात. "शेजारी आलो होतो, म्हटलं बीपी कसा आहे," असं दारातून मोठ्यानं म्हणायचं आणि पाकीट हळूच हातात द्यायचं. ती कॅलेंडरं ते वर्ष संपल्यावर स्वतः जाळत असत.

एवढं कशासाठी, हे मी त्यांना एकदाच विचारलं. दसऱ्याला दुकान बंद ठेवून ते दीक्षाभूमीच्या रस्त्यावर एक टेबल लावत आणि चालून पाय फुटलेल्यांना मलमपट्टी करत. त्या वर्षी मीही गेले होते. दुपारी गर्दी ओसरली, तेव्हा मलमाचे हात पुसत ते म्हणाले, "माही माय चार वर्षं भिंतीकडं तोंड करून पडली होती. बाप सावनेरकडं खाणीत कामाले. शेजारीपाजारी म्हणे, बाईले लागिर झालं, मांत्रिकाकडं न्या. बापानं नाही नेलं. छप्पन साली त्यानं दीक्षा घेतली होती, त्याच्या घरात मांत्रिक येणं शक्य नव्हतं. पण डॉक्टरकडंही नाही नेलं. भूत नाही मानलं आमच्या बापानं, पण आजारही नाही मानला. तो म्हणे, आळशी आहे." मग समोर एक म्हातारी येऊन बसली आणि ते तिची टाच धुवायला लागले. आई पुढे कशी गेली, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

इथवर लिहायला सोपं होतं. आता उज्ज्वलाचं लिहायचं आहे.

उज्ज्वला आमच्या मागच्या गल्लीतली. नवरा प्रशांत बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात शिफ्टला. लग्न होऊन आली तेव्हा दुकानासमोरून गुणगुणत जायची, आणि मेश्रामजी काउंटरवरून ओरडायचे, "आवाज वाढव वं, आमाले बी ऐकू दे!" मुलगी झाली आणि तीन महिन्यांनी ती आली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. प्रशांतनं तिचा हात धरला होता. तिचं कशातच लक्ष नव्हतं. डॉक्टरनं नीट तपासून, बाळाला अंगावर पाजत राहता येईल हे पाहून गोळी दिली होती. चिठ्ठी प्रशांतच्या मुठीत होती, घामानं ओली.

"काकाजी, हे आईले नाही सांगता येत," तो म्हणाला. "ती म्हणन, सून पागल निघाली. सगळ्या नातेवाइकांत होईन."

मेश्रामजी उज्ज्वलाकडे पाहत होते. मग म्हणाले, "आईचं मी पाहून घेतो. तू फक्त गोळी घे, माय."

त्याच संध्याकाळी ते त्यांच्या घरी गेले. प्रशांतची आई, शकुंतलाबाई, मूळ मौद्याकडच्या शेतकरी घरातली बाई. सगळं घर हातात असलेली, तोंडानं फटकळ. मेश्रामजींनी तिला सांगितलं, बाळंतपणाची कमजोरी आहे, ही ताकदीची गोळी, रोज सकाळी एक, एकही दिवस चुकवायची नाही. शकुंतलाबाई म्हणाल्या, "तुमी निश्चिंत राहा जी. मी माह्या हातानं देईन." परत आल्यावर मेश्रामजी खुशीत होते. गोळी देणारा इतका पक्का माणूस घरातच मिळाला, आणखी काय पाहिजे?

आणि बाईनं दिली. रोज सकाळी दुधाच्या पेल्याबरोबर, सुनेनं गिळेपर्यंत समोर उभी राहून. दोन महिने गेले, तीन गेले. एक दिवस उज्ज्वला मुलीला घेऊन दुकानात आली, तिला वजनकाट्यावर बसवलं आणि म्हणाली, "काकाजी, तुमच्या काट्याले बी ताकदीची गोळी द्या. माह्या लेकीचं वजन कमीच दाखवते मेला." मेश्रामजी इतके हसले की चष्मा काउंटरवर पडला. ती गेल्यावर त्यांनी चष्मा पुसला, डोळेही पुसले. मला म्हणाले, "पाहिलं वं? हे असं पाहायसाठी दुकान उघडा लागते."

त्यानंतर थंडीत शकुंतलाबाई आल्या. दुकानात पाच-सहा माणसं होती. उज्ज्वलाचं महिन्याचं पाकीट चिठ्ठी दाखवून घेतलं आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"मेश्रामजी, तुमच्या गोळीनं सून घोड्यावानी झाली पाहा. माह्या मौद्याच्या लेकीले बी अशीच कमजोरी आहे. तिच्यासाठी बी एक पाकीट द्या."

"असं नाही देता येत, बाई. तिले डॉक्टरले दाखवा."

"ताकदीच्या गोळीले काय डॉक्टर लागते जी?"

मेश्रामजींना मी इतक्या वर्षांत कधी काउंटरवर शब्द शोधताना पाहिलं नव्हतं. माणसं ऐकत होती. बाईला वजनकाट्याजवळ नेऊन चार वाक्यं सांगायची, एवढंच होतं. पण शब्द दिला होता, प्रशांतला आणि त्याहून जास्त उज्ज्वलाला. ते म्हणाले, "संपल्या, बाई. हे शेवटचं पाकीट होतं."

त्या गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "ठीक केलं नं?" मी म्हटलं, "हो काकाजी." हे मी म्हटलं होतं. मेश्रामजींबद्दल लिहिताना हे लपवून चालणार नाही.

गोळी संपली म्हटल्यावर एक आई जे करेल ते शकुंतलाबाईंनी केलं. घरातलं पाकीट उचललं आणि मौद्याला लेकीकडे घेऊन गेल्या. सुनेला म्हणाल्या, तू आता ठणठणीत झाली, तिला गरज आहे, पुढच्या महिन्यात दुकानात आली की पुन्हा सुरू करू. यात कपट नव्हतं. आपल्याकडे ताकदीची वस्तू अशीच फिरते, सुनेकडून लेकीकडे, लेकीकडून जावेकडे. मेथीचे लाडू नाही का आपण डबे भरून पाठवत.

उज्ज्वला तेव्हा का बोलली नाही? ही माझी आहे, ही मला लागते, असं का म्हणाली नाही? दुकान पाच मिनिटांवर होतं, ती आमच्याकडे का आली नाही? हे मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल. बहुतेक तिलाही वाटलं असेल, आता बरं आहे तर राहू दे. किंवा असंही असेल की तिला ताकदीच्या गोळीसाठी नणंदेशी भांडणारी सून व्हायचं नव्हतं, आणि खरं सांगायची तर सोयच आम्ही ठेवली नव्हती. प्रशांतला कंपनीनं तीन आठवड्यांसाठी बाहेरगावी पाठवलं होतं. तो रोज फोनवर विचारायचा, गोळी घेतली? ती म्हणायची, हो. मेश्रामजींच्या कॅलेंडरवर तिची तारीख अजून लांब होती, कारण पाकीट तर आत्ताच नेलेलं होतं.

आठ दिवसांनी शकुंतलाबाई मौद्याहून परत आल्या, तेव्हा सून पुन्हा गळून गेलेली होती. चक्कर येते म्हणायची, डोक्यात झटके बसतात म्हणायची, रात्रभर जागी असायची. बाईंना वाटलं, कमजोरी परत आली. त्यांनी डिंकाचे लाडू केले. सकाळ-संध्याकाळ दूध दिलं. शेजारणींना त्यांनी मागाहून सांगितलं, मी लेकीचं केलं नाही इतकं तिचं केलं. ते खरंच होतं.

प्रशांत परत यायच्या दोन दिवस आधी उज्ज्वला गेली. कशी, ते मी लिहिणार नाही. तिची मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती.

त्या दिवशी मेश्रामजींनी शटर अर्धं ओढलं आणि खाली, खोक्यांच्या मधे, जमिनीवर बसून राहिले. मी पाणी दिलं तर ते म्हणाले, "पाकीट तं नेलं होतं वं. मी माह्या हातानं दिलं होतं." एकच वाक्य संध्याकाळपर्यंत.

तीन आठवड्यांनी शकुंतलाबाई दुकानात आल्या. चालत आल्या, डोक्यावर पदर, हातात आमचंच खाकी पाकीट. ते त्यांनी काउंटरवर ठेवलं.

"लेकीनं दोन घेतल्या. मळमळलं म्हणून सोडून देल्या. ह्या बाकीच्या." मग थांबून म्हणाल्या, "प्रशांतनं सांगतलं मले, कायची गोळी होती थे."

मेश्रामजी उभे राहिले.

"तुमी मले काहून नाही सांगतलं जी?"

"मले वाटलं..." ते म्हणाले.

"काय वाटलं? मी तिले हाकलून देईन? चारचौघांत पागल म्हणीन? मी फटकळ आहे, हे सगळ्या मोहल्ल्याले माहीत आहे. पण रोज सकाळी गोळी कोण देत होतं तिले? मीच देत होती नं? मनाची आहे म्हणून सांगतलं असतं, तं नसती देली का मी? अजून ध्यान देलं असतं. कोणाले एक गोळी नसती देली त्यातली. माह्याच हातानं उचलून नेली जी मी. माह्याच हातानं."

बाई रडत नव्हत्या. मी रडत होते. मेश्रामजी काउंटरच्या बाहेर आले, हात जोडून त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "चुकलं बाई. माहं चुकलं." शकुंतलाबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या, म्हणाल्या, "एवढंच तं सांगायचं होतं," आणि निघून गेल्या. पाकीट तिथेच राहिलं.

उज्ज्वलाच्या डॉक्टरांनी मेश्रामजींना समजावलं. अशा गोष्टीला एकच कारण नसतं, एका गोळीवर आणि एका शब्दावर सगळं टाकता येत नाही, असं ते म्हणाले. मेश्रामजींनी मान हलवली, समोरच्याचं मन राखायला हलवतात तशी. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पिना बंद केल्या. तिसऱ्या खणातली स्ट्रिप उघडी काउंटरवर ठेवायची आणि मोठ्यानं सांगायचं, "हे डिप्रेशनची गोळी आहे. घरी सगळ्यांले सांगा." ऑटोवाल्यालाही असंच सांगितलं. आठ-दहा माणसं उभी होती. तो पैलवानगडी मान खाली घालून स्ट्रिप तिथेच टाकून गेला आणि परत आला नाही. मेश्रामजी त्याच्या ऑटोस्टँडवर तीनदा जाऊन आले. एकेक करून कॅलेंडरवरची बरीच अक्षरं कमी झाली. ते लोक दुसरीकडून गोळ्या घेतात की सोडून बसले, हे कळायला मार्ग नव्हता, आणि हीच चिंता त्यांना पोखरायला लागली. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, काकाजी, खोटं सांगणं आणि बोंब मारणं याच्या मधे काहीतरी असेल की नाही? ते म्हणाले, "असन. तू शोध. मले नाही सापडून राहिलं."

मला थोडंफार सापडलं आहे. दुकान आता मी पाहते. पहिली गोळी देताना मी विचारते, घरात हे कोणाला माहीत आहे? कोणालाच नाही म्हणाले, तर म्हणते, उद्या एक माणूस घेऊन या, कोणीही, ज्याच्यावर तुमचा जीव आहे असा एक. त्याला मी वजनकाट्याजवळ खरं काय ते सांगते. बहुतेक लोक कोणाला तरी घेऊन येतात. हे तेव्हा सुचलं असतं तर, असं मनात येतं आणि मी कामाला लागते.

मेश्रामजी पुढे दुकानात यायचे थांबले. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, त्यांना उज्ज्वलाच्याच डॉक्टरकडे नेलं. त्यांच्या हृदयात आधीच एक स्टेंट होता, म्हणून डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, चालू औषधं पाहिली, आणि थोड्या मात्रेनं तीच गोळी सुरू केली. तिसऱ्या खणातली. ती त्यांना लागू पडली असती की नाही, हे कळलंच नाही. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी जेवून पडले आणि त्यांचं ते थकलेलं हृदय बंद पडलं. मोहल्ल्यात काही जण म्हणाले, मनाच्या गोळीनं मारलं. मी दोघा-तिघांशी कडाडून भांडले. त्यांच्या डॉक्टरांनीही सांगितलं, हृदयाचं दुखणं जुनं होतं. पण मला विचाराल तर, त्यांना काय झालं होतं ते मी पाहत होते. तो माणूस दुःखानं गेला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी चार दिवस. पंधरा दिवसांचं पहिलं पाकीट संपलं होतं, दुसरं, मी पुन्हा पिना मारलेलं, घेऊन त्यांच्या घरी गेले. रविवार होता. दारातच काकूंनी मला अडवलं आणि कानाशी लागून म्हणाल्या, "वैशाली, उमरेडचे व्याही आले आहेत. विचारलं तं ताकदीची आहे म्हणजो वं."

आत मेश्रामजी दिवाणावर बसले होते. दाढी वाढलेली, पांढरा शर्ट नाही, बनियनवर. समोर व्याही-विहीणबाई, चहाचे कप. विहीणबाईंनी माझ्या हातातलं पाकीट पाहिलं. "कायची दवाई आणली वं पोरी?"

मेश्रामजी माझ्याकडे पाहत होते. आणि माझ्या तोंडून, अकरा वर्षांच्या सवयीनं, अगदी गोड आवाजात निघालं, "ताकदीची आहे, मावशी."

"नाही," मेश्रामजी म्हणाले.

ते उठले. उठायला वेळ लागला. माझ्या हातून पाकीट घेतलं, पिना काढल्या, स्ट्रिप बाहेर काढून सगळ्यांना दिसेल अशी धरली. आवाज पूर्वीसारखा नव्हता, पण खोलीत पुरेल इतका होता. "डिप्रेशनची आहे. मले झालं आहे. पोरगी खोटं बोलून राहिली, पण तिले मीच शिकवलं. तिच्यावर राग नका धरू." मग त्यांनी एक गोळी काढून तळहातावर घेतली आणि म्हणाले, "पाणी द्या कोणी."

कोणी उठलं नाही. व्याही कपातल्या चहाकडे पाहत होते. काकूंनी तोंडाला पदर लावला होता. मी आत जाऊन ग्लास भरून आणला. त्यांनी गोळी जिभेवर ठेवली, सगळं पाणी प्यायले आणि रिकामा ग्लास मला परत देत म्हणाले, "शकुंतलाबाईले सांगजो, मी घेऊन राहिलो म्हणून."